दशावतार : जत्रेतला आणि मेटलमधला

सिंधुदुर्गात ‘दशावतार’ हा शब्द उच्चारला की जत्रेची रात्र आठवते. देवाची पालखी फिरून झाली की पायपेटी, मृदंग आणि झांज सुरू होते आणि पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत माणसे जागची हलत नाहीत. याच नावाचा एक अल्बम २०१७ साली ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ या मुंबईच्या बँडने काढला. साहिल माखिजा यांनी २००० साली हा बँड स्थापन केला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवतारावर एक, अशी या अल्बममध्ये दहा गाणी आहेत. शब्द इंग्रजी, वाद्यमेळात विजेच्या गिटारी, वेगवान ड्रम आणि जोडीला भारतीय वाद्ये. गायन बरेचसे घशातून गुरगुरल्यासारखे.

हा प्रकार समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातून ‘ब्लॅक सॅबथ’चा पहिला अल्बम १९७० साली आला आणि हेवी मेटलचा पाया पक्का झाला. नव्वदच्या दशकाच्या आरंभी नॉर्वेतील तरुणांनी त्याला आणखी उग्र रूप दिले. किंचाळणारा आवाज, मुद्दाम खरखरीत ठेवलेले ध्वनिमुद्रण, काळ्या-पांढऱ्या रंगांनी रंगवलेले चेहरे, असे हे ब्लॅक मेटल. १९९२ पासून तिथे जी चर्च जाळली गेली, त्यात या वर्तुळातील काहींचा हात होता. त्यामुळे या संगीताची जी बदनामी झाली ती अजून पुरती पुसलेली नाही. पण त्याच नॉर्वेत ‘उल्व्हर’ या बँडने १९९५ साली ‘बर्गटाट’ हा अल्बम काढून लोककथा, लोकसंगीताचा बाज आणि ब्लॅक मेटल एकत्र आणले.

अशा मिश्रणाबद्दल ऐकणाऱ्यांचे एकमत कधीच होत नाही. पहिली तक्रार असते, ‘शब्दच कळत नाहीत.’ ती खरी आहे. मात्र इथे आवाज हेही एक वाद्यच मानलेले असते. दुसरा आक्षेप श्रद्धेचा : देवाचे नाव असल्या राक्षसी आवाजात का? यावर आपल्या दशावताराकडेच पाहावे. त्याच्या पूर्वरंगात काळ्या वेशातला संकासुर येतो, मालवणीत बोलून हशा पिकवतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मरतो. रौद्र आणि भीषण आपल्या परंपरेला परके नाही. शिवाय नरसिंहाची गर्जना मंजुळ कशी असेल?

तिसरे मत खुद्द मेटलवाल्यांचे. काहींना भारतीय वाद्ये म्हणजे वरून भुरभुरलेली कोथिंबीर वाटते, तर काहींना तीच अल्बमची खरी ओळख वाटते. हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मुंबईच्या या अल्बमचा आधार पुराणकथांचा आहे, कोकणातल्या खेळाचा नव्हे. दशावतारी नटाला लिहिलेली संहिता नसते. समोर गाव कोणते, माणसे कशी, हे पाहून तो संवाद रचतो. ध्वनिमुद्रित अल्बमला ही सोय नाही. तेव्हा नाव एकच असले तरी एकाचे माप दुसऱ्याला लावू नये.

असाच वाद आपल्याकडे ‘ट्रिकसीन’ नाटकांवरूनही झडतो. प्रकाशयोजना, धूर आणि चमत्कारदृश्यांनी तरुण प्रेक्षक येतो, असे एक बाजू म्हणते. नटाचा शब्द आणि मृदंगाची थाप त्यात बुडते, असे दुसरी म्हणते. दोघांनाही एकच काळजी आहे : उद्या समोर बसणार कोण?

म्हणून नवे काही कानावर आले तर तीन गोष्टी तपासाव्यात. लोकवाद्य काढून टाकले तर गाणे अधुरे वाटते का? कथेतला भाव सुरांत उतरला आहे का? आणि दुसऱ्यांदा ऐकताना काही नवे सापडते का? मग आवडले नाही तर तसे खुशाल सांगावे. मात्र कानात हेडफोन घालणाऱ्या नातवाने एक रात्र जत्रेत काढावी आणि आजोबांनी त्याचे एक गाणे शेवटपर्यंत ऐकावे. त्यानंतरचे भांडण दोघांच्याही उपयोगाचे ठरेल.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)