डोमेन सोडल्यावर नेमकं काय सुटतं?

पावसात रत्नागिरीतल्या एखाद्या शाखेची लाइन तुटली आणि मुंबईचा सर्व्हर दिसेनासा झाला, तरी रोजचे कर्मचारी नेहमीच्या पासवर्डने संगणक उघडू शकतात. म्हणजे केबल काढली की संगणक डोमेनबाहेर (सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या कार्यालयीन संगणकांच्या गटाबाहेर) गेला, ही समजूत तिथेच मोडते. सेटिंग कुणी बदललं नसेल, तर विंडोज शेवटच्या 10 वापरकर्त्यांच्या लॉगिनची खूण स्वतःजवळ जपून ठेवतं.

कपाटात सहा महिने पडलेला लॅपटॉपही आपोआप बाहेर पडत नाही. विंडोज 2000 सोबत आलेल्या अॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे सर्व्हरवरच्या डोमेनच्या नोंदवहीत, माणसांसारखंच प्रत्येक संगणकाचंही खातं असतं. त्याचा पासवर्ड साधारण दर 30 दिवसांनी बदलतो. पण बदलतो तो संगणकच, आणि तो बंद तर बदलही बंद. घोळ होतो तो जुना बॅकअप परत टाकल्यावर. मग दोन्हीकडचे पासवर्ड जुळत नाहीत आणि लॉगिन अडतं.

सगळ्यात जास्त घबराट फायलींची. डोमेन सोडल्यावर त्याच नावाचं स्थानिक खातं उघडलं, की समोर कोरा डेस्कटॉप येतो आणि आरडाओरडा सुरू होतो. वास्तविक जुनं फोल्डर सी ड्राइव्हवर यूझर्समध्ये जसंच्या तसं असतं. नाव एक असलं तरी विंडोजच्या लेखी हा माणूस वेगळा, म्हणून त्याला नवं घर मिळतं. अॅडमिनच्या हक्काने फायली काढून घेता येतात. विंडोजच्याच सोयीने एन्क्रिप्ट केलेल्या फायली मात्र आधीच उघडून घ्याव्यात. तिथे घबराट रास्त आहे.

सर्व्हरच्या अॅडमिनशिवाय संगणक काढताच येत नाही, हेही खरं नाही. त्या संगणकावरचे अॅडमिन हक्क पुरतात. डोमेनचा पासवर्ड लागतो तो सर्व्हरवरचं खातं बंद करायला, आणि तेव्हाही ते पुसलं जात नाही. डोमेनला जोडलेल्या मॅकवर सर्व्हर सापडत नसेल तर ‘फोर्स अनबाइंड’ करून जोडणी जबरीने तोडता येते. पण जमीन विकूनही सातबारावर जुनं नाव राहावं, तशी सर्व्हरवरची नोंद तशीच राहते. ती कुणीतरी हाताने काढावी लागते.

खरा धोका क्रमाचा. स्थानिक अॅडमिनचा पासवर्ड ठाऊक नसताना डोमेन सोडलं, तर रीस्टार्टनंतर आत शिरायला खातंच उरत नाही. काही कार्यालयांत हा पासवर्ड आणि ड्राइव्ह एन्क्रिप्ट करणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की, दोन्ही डिरेक्टरीतच ठेवलेली असतात. संगणकाची नोंद पुसण्याआधी ती दोन्ही उतरवून घ्यावीत.