मरियामातेच्या नावाचा सण

श्रोतेहो, कॅथलिक ख्रिस्ती लोकांच्या धार्मिक दिनदर्शिकेत १२ सप्टेंबर या तारखेसमोर 'मरियेचे परमपवित्र नाव' अशी नोंद असते. जन्माचा दिवस पाळणे आपल्याला माहीत आहे, पुण्यतिथी पाळणेही माहीत आहे. पण नुसत्या नावाचा सण? वसईकडे, मुंबईत किंवा गोव्यात ज्यांचा शेजार कॅथलिक आहे, त्यांनी संध्याकाळी माळेवर चाललेली प्रार्थना ऐकली असेल. ही माणसे येशूच्या आईला देवच मानतात की काय, असा प्रश्नही त्यांच्या मनात आला असेल. शाळेत मुलेसुद्धा गुरुजींना हेच विचारतात. तेव्हा आज या नावाची गोष्ट जरा नीट समजून घेऊ या.

प्रथम नावच घेऊ. हिब्रू भाषेत ते मिर्याम. ग्रीकमध्ये त्याचे मरिअम आणि मारिया झाले, लॅटिनने मारिया हे रूप ठेवले, अरबीत मरियम झाले आणि इंग्रजीत मेरी. हे नाव काही दुर्मिळ नव्हते. मोशेच्या बहिणीचे नाव मिर्यामच होते, आणि येशूच्या काळी त्या मुलखात मरिया नावाच्या बायका पुष्कळ होत्या. शुभवर्तमानांतच पाहा ना : मगदालाची मरिया आहे, बेथानीची मरिया आहे, क्लोपाची मरिया आहे. आपल्याकडे एकाच आळीत चार सीता नि तीन गंगू असाव्यात, तसला प्रकार. नासरेथ हे गालील प्रांतातले लहानसे गाव. तिथल्या एका मुलीचे हे चारचौघींसारखे नाव. योहानाच्या शुभवर्तमानात तर ते एकदाही येत नाही. तिथे ती फक्त येशूची आई आहे.

या नावाचा अर्थ काय, याचा शोध मात्र शेकडो वर्षे चालला आहे. कोणी म्हणतात कडू, म्हणजे दुःख सोसलेली. कोणी म्हणतात प्रिय. कोणी म्हणतात स्वामिनी. पंडितांचे एकमत नाही. भाविकांनी उचलून धरला तो अर्थ आणखी वेगळाच : समुद्रावरचा तारा. त्याची हकीकत गमतीची आहे. बायबलचा थोर भाषांतरकार संत जेरोम याने या नावाचा एक अर्थ 'समुद्राचा थेंब' असा दिला होता, असे बरेच अभ्यासक मानतात. लॅटिनमध्ये थेंबाला 'स्तिल्ला' म्हणतात आणि ताऱ्याला 'स्तेल्ला'. हाताने नकला करताना कुठेतरी एका स्वराचा फरक पडला आणि थेंबाचा तारा झाला! पुढे बाराव्या शतकात फ्रान्समधला संन्यासी क्लेर्वोचा बर्नार्ड याने आपल्या प्रवचनांत ही उपमा फुलवून सांगितली. वादळात सापडलेला नावाडी जसा ताऱ्याकडे पाहतो, तसे संकटातल्या माणसाने या आईकडे पाहावे, असा त्याचा भावार्थ. शब्दाची फोड चुकली असेल, पण रात्री ताऱ्यांवर नजर ठेवून होडी घरी आणणाऱ्या माणसाला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. भाईंदरजवळच्या उत्तन गावी कोळी लोकांच्या वस्तीत समुद्राच्या मातेच्या नावाने चर्च उभे आहे, यात म्हणूनच नवल नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. साध्या नावाला एवढा मान कशामुळे आला?

लूकच्या शुभवर्तमानात गब्रिएल हा देवदूत मरियेकडे येतो. तो तिला नमस्कार करतो, तेव्हा पहिल्या वाक्यात तिचे नाव घेत नाही. ती गोंधळते, घाबरते. मग भिऊ नकोस असा धीर देताना तो तिला नावाने हाक मारतो. देवाचा पुत्र तुझ्या पोटी येणार आहे, असा तो निरोप देतो आणि ती होकार देते. कॅथलिकांच्या दृष्टीने या नावाचा सारा मान त्या होकारातून आलेला आहे. इ. स. ४३१ मध्ये एफेसस येथे भरलेल्या धर्मसभेने मरियेला 'देवाची माता' म्हणणे योग्य ठरवले. तो निर्णयही मुळात येशू कोण आहे या वादातून निघालेला होता. म्हणजे आईचा मान मुलावरून आला.

इथे एक भेद नीट लक्षात घ्यावा, विशेषतः शिक्षक बंधुभगिनींनी. आपल्या वारकऱ्यांना नामस्मरण सांगावे लागत नाही. पण विठ्ठलाचे नाम हे देवाचे नाम आहे. मरिया हे एका माणसाचे नाव आहे. आराधना फक्त देवाची करावी, अशी कॅथलिक धर्माची शिकवण आहे. संतांना द्यायचा तो आदर. मरियेला संतांहून अधिक आदर, पण तोही आदरच. धर्मशास्त्रात या तिन्हींना तीन वेगळे शब्द आहेत. तिचे नाव घेणारा माणूस तिच्याकडे मागणे मागतो ते एवढेच, की आमच्यासाठी देवाकडे विनंती कर. एखाद्या पोराने बापाकडे जायचे धाडस होत नाही म्हणून आईच्या पदराला धरावे, तसे. नाव उच्चारले की आपोआप काम झाले, अशी जादू त्यात कोणी मानू नये, असेच हा धर्म सांगतो.

हा आदर दाखवायचा कसा, याच्या रीती साध्या आहेत. मिस्साविधीत येशूचे नाव आले म्हणजे मस्तक लववावे, तसेच मरियेचे नाव आले म्हणजेही लववावे, असा नियम आजही आहे. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी चर्चची घंटा होते, तेव्हा देवदूताच्या त्या निरोपाची आठवण करून तीन वेळा मरियेला वंदन करतात. मरियावंदनाच्या प्रार्थनेचा पहिला भाग देवदूताच्या आणि मरियेची नातलग अलीशिबा हिच्या शब्दांवरून घेतलेला आहे. नाव मागाहून त्यात घातले. दुसरा भाग मागण्याचा. तो पुढे जोडला गेला आणि १५६८ साली पोप पाचवे पायस यांनी काढलेल्या प्रार्थनाग्रंथात सबंध प्रार्थना आजच्या रूपात कायम झाली. तीत मरियेचे नाव दोनदा येते. माळेच्या पाच दशकांत ही प्रार्थना पन्नास वेळा म्हणतात. म्हणजे घरातली म्हातारी आजी रोज संध्याकाळी हे नाव शंभर वेळा तरी घेते. जुन्या काळी मठांतून आणखी एक रीत होती : मारिया या नावाच्या पाच अक्षरांनी लॅटिनमध्ये सुरू होणारी पाच स्तोत्रे ओळीने म्हणायची.

काही देशांत आदर इतका वाढला, की आपल्या मुलींना हे नाव ठेवायलाच लोक कचरत. आयर्लंडमध्ये येशूच्या आईसाठी 'मुरे' हे रूप राखून ठेवले आणि मुलींसाठी 'मॉरे' असे निराळे रूप वापरले. पोलंडमध्येही असाच संकोच होता. १६४६ साली मारी लुईझ ही राणी होऊन तिथे आली, तेव्हा नावांची उलटापालट करून तिला लुद्विका मारिया म्हणू लागले. आणि इतर ठिकाणी नेमके उलट! घरोघर मारिया, एवढेच नव्हे तर पुरुषांच्याही नावात मारिया. जर्मन भाषेतला प्रसिद्ध कवी राइनर मारिया रिल्के हे त्याचे उदाहरण. आदर एकच. एकाने नाव उंच फळीवर ठेवले, दुसऱ्याने लेकराच्या गळ्यात बांधले.

आता सणाचा इतिहास. स्पेनमधल्या क्वेंका या शहरात १५१३ साली पोपच्या परवानगीने हा सण सुरू झाला. हळूहळू तो स्पेनभर पसरला. तो साऱ्या जगातल्या कॅथलिकांचा झाला, तो मात्र एका लढाईमुळे. १६८३ च्या जुलैमध्ये तुर्की सुलतानाच्या फौजांनी व्हिएन्ना शहराला वेढा घातला. दोन महिने शहर झुंजत होते. १२ सप्टेंबरच्या पहाटे शहराजवळच्या काहलेनबर्ग टेकडीवर मिस्सा झाली. त्यानंतर पोलंडचा राजा यान सोबिएस्की आणि जर्मन सरदार यांच्या फौजा खाली उतरल्या. संध्याकाळपर्यंत वेढा मोडला. पोप अकरावे इनोसंट यांनी या विजयाबद्दल कृतज्ञता म्हणून हा सण सर्वत्र पाळायला सांगितले. १९११ साली पोप दहावे पायस यांनी त्याला १२ सप्टेंबर हीच तारीख नेमून दिली.

श्रोतेहो, इथे थोडे थांबावेसे वाटते. एका शांत बाईचे नाव लढाईच्या तारखेला जोडले गेले. त्या दिवशी दोन्ही बाजूंची हजारो माणसे पडली. आणि ज्यांचा पराभव झाला, त्यांच्याही धर्मग्रंथात हे नाव मोठ्या आदराने आलेले आहे. कुराणाच्या १९ व्या सुऱ्याचे नावच मरियम आहे आणि सबंध कुराणात नावानिशी उल्लेख झालेली स्त्री ती एकच. म्हणजे टेकडीवरच्या फौजेत ज्या आईचे नाव घेतले जात होते, तिचे नाव खालच्या छावणीतही पूज्य होते. इतिहासाच्या पुस्तकात या लढाईचा धडा येतो, तेव्हा ही गोष्टही मुलांना सांगायला हवी.

पुढे १९६९ साली कॅथलिक दिनदर्शिकेची मोठी फेररचना झाली, तेव्हा हा सण वगळला गेला. ८ सप्टेंबरला मरियेच्या जन्माचा सण असतोच, मग चार दिवसांनी नावाचा वेगळा सण कशाला, असा विचार त्यामागे होता. परंतु २००२ साली, पोप दुसरे जॉन पॉल यांच्या कारकीर्दीत, १२ सप्टेंबरची नोंद पुन्हा आली. आता तो ऐच्छिक स्मरणदिन आहे. पाळायचा तर पाळावा, सक्ती नाही.

आपल्या मुलखात मात्र या नावाला आणखी मायेची नावे जोडली गेली. सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत क्रिस्तपुराण रचले आणि १६१६ साली ते छापले. येशूची आणि त्याच्या आईची कथा तेव्हापासून आपल्या ओवीत बसली. गोव्याचे भाविक मरियेला सायबीण म्हणतात. सायबीण म्हणजे मालकीण, स्वामिनी. पंडितांनी सांगितलेल्या अर्थांपैकी एक अर्थ असा आपोआप कोकणीत येऊन बसला आहे! मुंबईत वांद्र्याच्या टेकडीवरची तीच आपली मोतमाउली. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी तिथली आठवडाभराची जत्रा सुरू होते. मेणबत्ती घेऊन टेकडी चढणाऱ्यांत हिंदू असतात, मुसलमान असतात, पारशी असतात. कोणी मेरी म्हणते, कोणी मरियम, कोणी नुसतेच माउली.

तेव्हा उद्या वर्गात एखाद्या मुलाने विचारले, की गुरुजी, ही माणसे येशूच्या आईचे नाव एवढे का घेतात, तर उत्तर अवघड नाही. ते तिला देव समजत नाहीत. एका लहान गावातल्या साध्या नावाच्या मुलीने अवघड वेळी होकार दिला, तो ते विसरू इच्छित नाहीत. आणि अडचणीत सापडले म्हणजे, आपण सगळेच करतो तसे, ते आईला हाक मारतात.