उंबरठ्याच्या आतली नोकरी

२०२० सालच्या जुलै महिन्यातली गोष्ट. त्र्यंबकेश्वरात पावसाने असा ठिय्या दिला होता की तीन दिवस ब्रह्मगिरीचे दर्शन नव्हते. चिरंजीव माडीवरच्या खोलीत दार लावून पुण्याच्या कंपनीचे काम करीत होते. सूनबाई माजघरात, देवघरालगतच्या कोपऱ्यात, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. तीही नोकरीच करते, तिचीही कंपनी पुण्याचीच. आमची ही स्वयंपाकघरात, दोन्ही हात कणकेत. आणि मी, बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ, ओसरीवर शब्दकोडे सोडवीत बसलो होतो. तेवढ्यात दूधवाल्याने कडी वाजवली. दार माझ्यापासून चार हातांवर होते. तरी मी बसल्या जागेवरून हाक दिली, "सूनबाई, दूध आलंय गं!"

ती उठून आली. कानाला हेडफोन होता आणि त्यातून कुणीतरी तिला काही विचारीत होते. एका हाताने पातेले धरून तिने दूध घेतले, मानेनेच दूधवाल्याला निरोप दिला आणि परत आपल्या कोपऱ्यात जाऊन बसली. रात्री जेवणे झाल्यावर मात्र म्हणाली, "बाबा, रागावणार नसाल तर एक विचारू? तुम्ही बँकेत काउंटरवर असताना दूध आलं म्हणून आईंनी तुम्हाला कधी हाक मारली होती का?"

मला उत्तर सुचले नाही. पुढे बरेच दिवस मी त्या प्रश्नाचा विचार करीत राहिलो. त्यातून जे हाती लागले ते आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

'घरून काम' ही करोनाने आणलेली नवी टूम आहे असे सगळे म्हणतात. त्र्यंबकच्या माणसाला हे ऐकून गंमत वाटते. आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आले आहे. माझे वडील तीर्थोपाध्याय होते. त्यांचे कार्यालय म्हणजे आमची ओसरी. यजमान गावाचे आणि आडनाव सांगत, वडील फडताळातून नामावळीची वही काढीत आणि त्या माणसाला त्याच्या आजोबांची सही दाखवीत. नारायण-नागबळी म्हटला की तीन दिवसांचा मुक्काम. यजमान माडीवर उतरत, कुशावर्तावर स्नान करून येत, आणि तिन्ही दिवस त्यांचे बिनकांदा-लसणाचे जेवण आमच्याच चुलीवर शिजे.

या व्यवस्थेचे फायदे मी लहानपणी पुरेपूर अनुभवले. वडील दिवसभर डोळ्यांपुढे असत. शाळेतून आलो की ते घरात आहेत, हे गृहीतच असे. मंत्र कुणी मुद्दाम शिकवले नाहीत, ते खेळता खेळता कानावर पडले. बसभाडे नाही, डबा नाही, साहेब नाही. आजारी माणसाजवळ बसायला कुणी ना कुणी असेच.

तोटेही त्याच घरात होते. कामाला वेळ नव्हती. पहाटे चारला यजमान दाराशी आले तर दार उघडायचे. घरात कुणाला ताप असो की दिवाळीचे अभ्यंगस्नान चाललेले असो, आलेल्या माणसाला परत धाडायचे नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला लोटणाऱ्या गर्दीत, आम्हा मुलांना आमच्याच घरात पाय पसरायला जागा नसे. आणि आई? पंधरा-वीस पानांचा स्वयंपाक, त्यांची अंथरुणे, त्यांचे पाणी, हे सारे तिचे. दक्षिणा वडिलांच्या हाती पडे, नामावळीत उपाध्याय म्हणून नाव वडिलांचे. आई काय करते, असे कुणी विचारले तर आम्ही मुले सरळ सांगत असू, "काही नाही, ती घरीच असते."

तरी त्या घराला एक शिस्त होती. यजमानाने कुठपर्यंत यायचे, आईच्या स्वयंपाकाच्या वेळी कुणी कुठे पाऊल टाकायचे नाही, हे ठरलेले असे. त्या सोवळ्या-ओवळ्यात माणसामाणसांत केलेला भेदही होता आणि त्याचे समर्थन मला करायचे नाही. पण काम आणि घर एका छपराखाली आले की मध्ये कुठेतरी रेघ ओढावी लागते, एवढे त्या पिढीला कळले होते.

मी बँकेत नोकरी धरली त्यामागे पगार होताच. पण खरे सांगायचे तर मला 'कामावरून घरी येणारा माणूस' व्हायचे होते. त्र्यंबक-नाशिक अठ्ठावीस किलोमीटर, जाऊन-येऊन रोज दोन तास एस.टी.त. लोक कीव करीत. पण परतीच्या त्या तासाभरात दिवसभराचे हिशेब, साहेबांची बोलणी, सारे डोक्यातून उतरून जाई. घरी पोचणारा माणूस रिकामा असे. तो तास किती मोलाचा होता हे मला चिरंजीवांचे हाल पाहिल्यावर कळले. रात्री नऊला जेवणाच्या ताटावरून उठून ते माडीवर पळत. ऑफिस सुटणारच कसे? ते भरलेच होते घरात.

घराचा कारखाना करणारा सर्वांत मोठा माणूस आमच्याच गावचा. दादासाहेब फाळके. ३० एप्रिल १८७० रोजी त्यांचा जन्म त्र्यंबकेश्वरात झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. म्हणजे अशाच घरातले हे मूल. १९१२-१३ मध्ये त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तो दादरच्या आपल्या राहत्या बंगल्यात बिऱ्हाड, प्रयोगशाळा आणि चित्रशाळा एकत्र थाटून. आपल्या मुलाला, भालचंद्राला, त्यांनी रोहिताश्वाची भूमिका दिली. आणि सरस्वतीबाईंनी काय केले? अंगावरचे दागिने भांडवलाला दिले. कंपनीतल्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक केला. आणि दिवसाची कामे आटोपल्यावर, अंधारात बसून, कच्च्या फिल्मच्या कडांना हातयंत्राने भोके पाडली. ती भोके नसती तर फिल्म कॅमेऱ्यातून पुढे सरकली नसती.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये तो चित्रपट लागला आणि इतिहास घडला. घर आणि काम एकत्र नसते तर हे घडलेच नसते. जागेचे वेगळे भाडे आणि पगारी माणसांची फौज फाळक्यांना परवडणारी नव्हती. घरून कामाचा याहून मोठा फायदा मला दाखवता येणार नाही. आणि तोटाही त्याच घरात आहे. १९६९ पासून दादासाहेबांच्या नावाने देशाचा मोठा पुरस्कार दिला जातो. सरस्वतीबाईंचे नाव मात्र आमच्या त्र्यंबकमध्येही दहाजणांना विचारले तर दोघे सांगतील, की नाही, शंका आहे.

पैठणीचे गाव येवले आमच्याच नाशिक जिल्ह्यातले. तिथे पुष्कळ घरांत हातमाग आहे. मागावर बसणाऱ्याला विणकर म्हणतात. त्याला कांड्या भरून देणारी घरातली बाई 'मदत' करते. शब्द कसा बेमालूम फसवतो पाहा!

याला उतारा शोधणारी माणसेही आपल्याकडे होती. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभी राहिली. तिची पद्धत मला मोठी शहाणपणाची वाटते. पीठ केंद्रावर मळायचे, पापड घरी लाटायचे, आणि दुसऱ्या दिवशी केंद्रावर आणून द्यायचे. म्हणजे बाईला घरही सांभाळता येते, रोज चार मैत्रिणीही भेटतात, आणि लाटलेल्या प्रत्येक किलोचा मोबदला तिच्या स्वतःच्या हाती पडतो. तिचे काम मोजले जाते.

मोजण्यावरून आठवले. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये, म्हणजे करोनाच्या आधी, देशातली माणसे आपला वेळ कशात घालवतात याची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवीत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. शिवाय मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष होते चारांत एक. आता या घरात ऑफिस आणून ठेवा. पुरुषाला त्याचे घर शांत वाटेल आणि बाईला दोन ऑफिसांत एकदम बसल्यासारखे वाटेल, यात नवल ते काय?

परदेशातले अनुभवही सरळ नाहीत. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम यांनी २०१०-११ मध्ये चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीत नऊ महिने प्रयोग केला. घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले, नोकरी सोडून जाणारे निम्म्यावर आले. आणि तरीही, पुढे निवड करायची वेळ आली तेव्हा त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांनी 'आम्ही ऑफिसातच येतो' म्हणून सांगितले. त्यांना एकटेपणा सोसवेना. पुढे त्याच कंपनीत आठवड्यातून दोन दिवस घरून आणि बाकीचे ऑफिसात अशी विभागणी करून पाहिली. कामात घट झाली नाही आणि नोकरी सोडणारे एक-तृतीयांशाने कमी झाले, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. लिज्जतच्या बायकांनी मळायचे कुठे आणि लाटायचे कुठे हे ठरवले, तेच हे.

आता पुन्हा आमच्या घरी. लॉकडाउनमध्ये देवळाचे दरवाजे बंद झाले ते १६ नोव्हेंबर २०२० च्या पाडव्याला उघडले. तेवढे महिने गावात यजमान नाही, धाकट्या भावाची ओसरी रिकामी. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या आलेल्या माणसांवर पोट भरले, ते त्या काळात मुलाच्या आणि सुनेच्या लॅपटॉपवर चालले. पुण्याच्या जागेचे भाडे वाचले. नातू आमच्या मांडीवर मोठा झाला. एरवी दिवाळीला तीन दिवस दिसणारा मुलगा मला दीड वर्ष रोज दिसला. हे सुख लहान नव्हे आणि त्यासाठी मी त्या कंपन्यांचा ऋणी आहे.

पण सूनबाईच्या प्रश्नानंतर आम्ही एक केले. यजमानांसाठी ठेवलेली माडीवरची दुसरी खोली झाडून तिला दिली. खोलीला आतून जुनी लोखंडी कडी होती. ठरले असे, की कडी लागली म्हणजे सूनबाई घरात नाही. ती नाशिकला गेली आहे असे समजायचे. पहिले चार दिवस मला जड गेले. हाक ओठांवर येई. दूध मात्र तेव्हापासून मीच घेतो.

२०२२ मध्ये तिने नाशिकमध्ये नोकरी धरली. तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घर. पहिल्या दिवशी संध्याकाळी बसमधून उतरली तेव्हा मी स्टँडवर गेलो होतो. विचारले, "दमलीस का गं?" म्हणाली, "नाही बाबा. तासभर कुणी हाक मारली नाही." मला माझी एस.टी. आठवली.

हे सगळे मी एकदा जेवताना मोठ्या कौतुकाने सांगत होतो. खोली, कडी, तीन दिवस, दोन दिवस. आमची ही वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, "सगळ्यांना दार मिळालं, छान झालं. मी चाळीस वर्षं घरूनच काम करतेय. माझ्या स्वयंपाकघराला दारच नाही, कडी कुठं लावू?"

कुणीच बोलले नाही. माझी आई आठवली, ती 'घरीच असते' असे आम्ही सांगत असू तीही.

तेव्हापासून रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघर माझ्याकडे आणि चिरंजीवांकडे असते. ही देवदर्शनाला जाते, येताना मैत्रिणीकडे बसते, घाई करीत नाही. माझ्या पिठल्यात गुठळ्या होतात. नातू तोंड वाकडे करून खातो. आज रविवार. बेसन चाळून ठेवले आहे.