लॅपटॉप जुना आहे? आधी कॉलेजला हे विचारा

मुलाने कॉम्प्युटरची लाईन घेतली की घरात पहिला सवाल येतो, महागडा लॅपटॉप आणायचा कुठून? आम्ही पालकांना सांगतो, कर्ज काढण्याआधी कॉलेजला विचारा: सेंट्रल सर्व्हर आहे का?

अशा सर्व्हरवर कंपायलर, पायथन वगैरे टूल्स एकदाच टाकलेली असतात. मुलं नेटवर्कवरून लॉगिन करतात. सगळी मेहनत तिकडचं मशीन करतं, इकडे स्क्रीन, कीबोर्ड आणि बरं इंटरनेट असलं की पुरे. आपल्या पुण्यातच, पाषाणच्या आयसरमध्ये २०१९ साली आलेला सी-डॅकचा परम ब्रह्म महासंगणक असाच वापरतात. ‘मॉड्यूल लोड’ आणि पुढे टूलचं नाव, एवढी ओळ टाईप केली की टूल हजर! (तो संशोधकांसाठी आहे, पण पद्धत तीच.)

लॉगिन फक्त लॅबमध्येच चालतं की घरूनही, हे ॲडमिशनच्या वेळीच विचारून घ्या. संध्याकाळी लॅबमध्ये थांबायची इजाजत ज्या मुलींना घरातून मिळत नाही, त्यांचं प्रॅक्टिकल नेमकं इथेच अडतं.