सेनेटची खुर्ची आणि गव्हर्नरची गादी

अमेरिकेच्या सेनेटमध्ये एकदा स्थानापन्न झालेला गृहस्थ तेथून आपखुशीने उठत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. २०२५ या एकाच वर्षी कोलोरॅडोचे मायकेल बेनेट, अलाबामाचे टॉमी ट्यूबरव्हिल आणि टेनेसीच्या मार्शा ब्लॅकबर्न या तीन विद्यमान सेनेटरांनी आपापल्या राज्याच्या गव्हर्नरपदासाठी उमेदवारी जाहीर करून त्या समजाला चांगलाच धक्का दिला. (गव्हर्नर म्हणजे आपल्याकडील राज्यपाल नव्हे. तो लोकांनी थेट निवडलेला राज्याचा कारभारी. आपल्या मुख्यमंत्र्याशीच त्याची तुलना शोभेल.)

यांपैकी बेनेट यांचे प्रकरण आम्हांला विशेष विचारणीय वाटते, आणि ते केवळ त्यांचा जन्म १९६४ साली नवी दिल्लीत झाला म्हणून नव्हे. सेनेटमध्ये येण्यापूर्वी ते डेन्व्हर शहराच्या सार्वजनिक शाळांचे प्रमुख होते. ज्याने शाळा चालविल्या त्याला शंभर जणांच्या सभागृहात वर्षानुवर्षे भाषणे करीत बसणे जड जावे, हे एके काळी हाती खडू धरलेल्या आम्हांला सहज समजते. शाळेत सकाळी दिलेल्या आज्ञेचा परिणाम दुपारी वर्गात दिसतो. सेनेटमध्ये साठ मते जमेपर्यंत बहुतेक महत्त्वाची विधेयके ताटकळत राहतात. गव्हर्नरच्या हाती मात्र अंदाजपत्रक असते, नकाराधिकार असतो, नेमणुका असतात.

तेव्हा ओढ स्वाभाविक आहे. प्रश्न आहे तो तिची किंमत कोणी मोजावी, हा. १९५८ साली सेनेटमधील रिपब्लिकन पक्षाचे नेते विल्यम नोलँड हे याच ओढीने कॅलिफोर्नियात परतले. त्यांची दृष्टी अध्यक्षपदावर होती, असे मानले जाते. विद्यमान गव्हर्नर गुडविन नाइट यांना त्यांच्यासाठी वाट सोडून सेनेटच्या निवडणुकीत उतरावे लागले. निकाल लागला तेव्हा दोघेही घरी बसले होते! परंतु नोलँड यांच्या पदरी एक गोष्ट टाकलीच पाहिजे: त्यांनी स्वतःची जागा खरोखर पणाला लावली होती.

बेनेट यांनी उमेदवारी जाहीर केली तेव्हा त्यांच्या मुदतीची तीन वर्षांहून अधिक शिल्लक होती. ती २०२९ च्या जानेवारीत संपते. हरल्यास जुनी खुर्ची शाबूत. जिंकल्यास रिकाम्या खुर्चीवर कोणाला बसवायचे तेही नव्या गव्हर्नरनेच, म्हणजे त्यांनीच, ठरवायचे! कायद्याची याला आडकाठी नाही, आणि प्रघातही नवा नाही. १९९० साली गव्हर्नरपदी निवडून आलेल्या पीट विल्सन यांनी आपल्या जागी जॉन सेमूर यांना नेमले; १९९२ साली मतदारांनी सेमूर यांना नाकारले. अलास्कात फ्रँक मर्कौस्की यांनी २००२ साली गव्हर्नर होताच सेनेटची जागा चक्क आपल्या कन्येला दिली. पित्याला २००६ साली पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीतच लोकांनी निरोप दिला; कन्या मात्र पुढे स्वतःच्या बळावर पुन्हा पुन्हा निवडून आली.

स्वतः बेनेट यांचा सेनेटप्रवेशही २००९ साली गव्हर्नरने केलेल्या नेमणुकीनेच झाला, हे येथे आठवते. कोलोरॅडोच्या मतदारांनी २०२२ साली त्यांना सहा वर्षांसाठी दिल्लेल्या कौलापैकी उरलेला वाटा कोणाच्या स्वाधीन होणार, हे विचारण्याचा हक्क त्या मतदारांना आहे. अशा उमेदवाराने ते नाव मतदानापूर्वी, उघड सभेत सांगावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.