केडगावची जागृती आणि घाटंजीची प्रार्थनासभा

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात हिवाळ्यातली प्रार्थनासभा कापसाच्या वेचणीकडे पाहून ठरवावी लागते. दिवसभर वाकून वेचणी केलेल्या बाया घरी येतात, चूल पेटवतात, लेकरांना जेवू घालतात. मग कुणाच्या तरी ओसरीत सतरंजी अंथरली जाते आणि आठ-दहा जण जमतात. ‘उपासना संगीता’तलं एखादं गीत होतं, वचन वाचलं जातं आणि विनंत्या सुरू होतात. कुणाचं आजारपण असतं, कुणाच्या मुलीचं जुळत नसतं, कुणाचं पीककर्ज थकलेलं असतं. सगळ्यांच्या शेवटी, डोळ्यांवर झोप आली असताना, एक विनंती हमखास येते : प्रभू, तुझ्या मंडळीत जागृती पाठव.

विदर्भातल्या लहान मंडळ्यांत ही विनंती वर्षानुवर्षं होत आली आहे. ती सवयीने होते की तहानेने, हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो. लूकच्या शुभवर्तमानातली विधवा न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा जाते, कारण न्याय मिळाल्याशिवाय तिचं भागणारच नसतं. जागृतीवाचून आपलं भागतंय का, हे आधी स्वतःला विचारायला हवं. ज्यांचं भागत नव्हतं अशा मराठी मुलखातल्या माणसांची गोष्ट पुणे जिल्ह्यातल्या केडगावात घडली. पंडिता रमाबाईंचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, त्यांच्या समाजकार्यावर पुष्कळ लिहूनही झालं आहे. त्यांच्या प्रार्थनेकडे मात्र मराठी लेखकांनी बहुधा दुरूनच पाहिलं.

१८७० च्या दशकातल्या दुष्काळात रमाबाईंचे आईवडील गेले. उपासमार म्हणजे काय, हे त्यांना अंगावर सोसून माहीत होतं. म्हणून १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून निराधार मुली-बायका घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला ‘मुक्ती’ हा आश्रम उभा राहिला. १८९८ मध्ये रमाबाई इंग्लंडमधल्या केझिक इथल्या अधिवेशनाला गेल्या. हजारोंच्या त्या सभेत भारतीय ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्मा ओतला जावा म्हणून प्रार्थना करा, अशी विनंती त्यांनी केली. पुढे १९०२ मध्ये मेलबर्नला सुवार्तिक डॉ. टॉरी यांच्या सभा झाल्या. त्या सभांमागे घराघरांतली प्रार्थनामंडळं होती, हे कळल्यावर रमाबाईंनी मुलगी मनोरमा आणि सहकारी मिनी एब्रम्स यांना ऑस्ट्रेलियाला पाठवलं. १९०४ च्या अखेरीस वेल्समध्ये इव्हान रॉबर्ट्स यांच्या सभांतून जागृती सुरू झाली आणि काही महिन्यांत ती खासी टेकड्यांतल्या मंडळ्यांत पोचली. दूरची प्रत्येक बातमी केडगावात प्रार्थनेचा विषय होत होती. केझिकच्या विनंतीनंतर सात वर्षं गेली तरी रमाबाईंनी मागणं सोडलं नव्हतं.

जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी मुक्तीतल्या मुलींना रोज एकत्र येऊन जागृतीसाठी प्रार्थना करायला बोलावलं. ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या ५५० वर गेली आणि प्रार्थना दिवसातून दोनदा होऊ लागली. यांतल्या कितीतरी मुली दुष्काळाच्या रस्त्यावरून उचलून आणलेल्या होत्या. कुणी बालविधवा, कुणी टाकलेली; अक्षरओळख इथेच झालेली. आश्रमातलं दळण, विणकाम, शेत, छापखाना, सगळं सांभाळून त्या गुडघ्यांवर येत. सहा महिने काहीही दिसत नसताना येणाऱ्या वाढत गेल्या. मला पुढच्या सगळ्या घटनांपेक्षा हेच जास्त थोर वाटतं.

२९ जूनच्या पहाटे, साडेतीनच्या सुमारास, मोठ्या मुलींपैकी एकीवर आत्म्याचा असा प्रभाव आला की शेजारच्या मुलीला ती ज्वाळांनी वेढलेली दिसली. ती मुलगी धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली. पाणी ओतणार तोच तिच्या लक्षात आलं की कुणी जळत नाहीये. थोड्याच वेळात सगळं आवार जागं झालं. मुली रडत होत्या, आपापली पापं कबूल करत होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रमाबाई नेहमीच्या शांत पद्धतीने योहानाचा आठवा अध्याय समजावून सांगत होत्या. मुली मोठ्याने प्रार्थना करू लागल्या आणि त्यांना शिकवणं थांबवावं लागलं.

रडणं-ओरडणं फार झालं, अशी टीका तेव्हाच झाली आणि ती बाहेरच्या मिशनऱ्यांकडूनही आली. रमाबाई डगमगल्या नाहीत. भारतीय माणसाने देवापुढे कसं रडावं आणि कसं आनंदावं, याचा कायदा पाश्चात्त्यांनी करू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. फळ काय येतं, याकडे मात्र त्या बारकाईने पाहत. मुलींच्या टोळ्या आळीपाळीने आसपासच्या गावांत शुभवर्तमान सांगायला जाऊ लागल्या. मिनी एब्रम्स यांनी या अनुभवावर १९०६ मध्ये एक पुस्तिका लिहिली. ती चिलीमधल्या वालपराइसोला, त्यांच्या जुन्या वर्गमैत्रिणीच्या घरी पोचली आणि १९०९ मध्ये तिथल्या मेथडिस्ट मंडळीत जी जागृती झाली, तिच्यामागे त्या पुस्तिकेचंही बळ होतं. केडगावच्या अनाथ मुलींची प्रार्थना दक्षिण अमेरिकेपर्यंत गेली, हे आपल्या किती मंडळ्यांत सांगितलं जातं?

भरती कायम राहत नाही. केडगावातही ती ओसरली. त्यानंतरही रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करत राहिल्या, तेही साध्या बाईला कळेल अशा भाषेत. या भाषा त्या मेहनतीने शिकल्या होत्या. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायकाच होत्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली. रमाबाईंचे कान अधू झालेले, शरीर थकलेलं, तरी काम चालूच राहिलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या आणि ते बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. जागृतीचं वर्ष सगळ्यांना आठवतं. मला प्रार्थनेतल्या चिकाटीचा पुरावा या नंतरच्या वर्षांतच सापडतो.

त्याच काळात रेव्हरंड ना. वा. टिळकांची तळमळ वेगळ्या वाटेने चालली होती. मंडळी परक्या कुंडीत न राहता या मातीत रुजावी, म्हणून त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली आणि १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. दोनच वर्षांत ते गेले. दरबार फार टिकला नाही, गीतं मात्र आजही आमच्या ओसरीत गायली जातात.

वऱ्हाडाचा धागाही या कथेत आहे. मुक्तीतली जागृती डोळ्यांनी पाहून लिहून ठेवणारे ॲल्बर्ट नॉर्टन दौंडला मुलांचा आश्रम चालवत. त्याआधी त्यांनी एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, कोरकूंमध्ये काम केलं होतं. यवतमाळात फ्री मेथडिस्ट मिशनने १८९० च्या दशकात ठाणं मांडलं. शाळा आणि दवाखाने त्यातून आले. १९५३ मध्ये यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. देशभरातले तरुण तीस वर्षं इथे पाळकपणाचं शिक्षण घेत होते. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. तेव्हापासून आपल्याकडे एक खंत ऐकू येते : मिशनरी गेले, सेमिनरी गेली, आता काय उरलं? मला ही खंत पटत नाही. १९०५ मध्ये केडगावात ज्यांनी मागितलं त्यांच्याजवळ पदवी नव्हती, पैसा नव्हता, बहुतेकींना घरही नव्हतं.

आपली अडचण दुसरीकडे आहे. आपण जागृती मागतो आणि पलीकडच्या बाकावरच्या भावाशी दोन-दोन वर्षं बोलत नाही. पंचमंडळाच्या निवडणुकीत दुखावलेली मनं प्रभुभोजनाच्या मेजापाशीही तशीच येतात. केडगावात पहिली गोष्ट घडली ती पापकबुलीची. ती टाळून मोठ्या मंडपाच्या संजीवन सभा घेतल्या तर तीन दिवस गर्दी होते आणि चौथ्या दिवशी मंडपवाला खांब काढून नेतो. दुसरी अडचण अशी की शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या या जिल्ह्यात आपली प्रार्थना पुष्कळदा मंडळीच्या भिंतींपाशीच थांबते. शेजारच्या घरात कर्ता माणूस गेलेला असताना, त्या घरी धान्याची पायली न पोचवता केलेली जागृतीची विनंती अपुरी आहे. रमाबाईंनी आधी दुष्काळातल्या मुली घरी आणल्या आणि त्यांच्यासोबत गुडघे टेकले.

म्हणून घाटंजी, पांढरकवडा, वणी, दारव्हा इथल्या पाळकांना आणि पंचांना माझी कळकळीची विनंती आहे. येत्या वर्षअखेरच्या उपासनेनंतर १ जानेवारीपासून रोज एक ठरलेली वेळ फक्त या विनंतीसाठी राखा. दोघं आले तरी चालवा. वेचणी करणाऱ्या बायांना सोयीची वेळ त्यांनाच विचारून ठरवा आणि पहिल्या आठवड्यात ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्याच्या घरी जाऊन या.