संगणक हळू झाला की आधी काय पाहावं?

मे महिन्यात सुट्टीवर घरी गेलो, त्या पहिल्याच सकाळी पाहिलं की आईनं संगणकाचं बटण दाबलं आणि ती सरळ कणीक मळायला निघून गेली. कणीक मळून झाली, चार पोळ्या लाटून भाजून झाल्या, तेव्हा कुठे टॅली उघडलं. मी विचारलं, "हे रोजचंच आहे का?" आई म्हणाली, "अरे, आज तर लवकर उघडलं!"

आमचं घर बडोद्याला. आई घरी बसून पाच दुकानांचे हिशेब लिहिते. दर महिन्याला जीएसटीचं विवरणपत्र भरणाऱ्यांना दोन तारखा पाळाव्या लागतात. विक्रीचा तपशील ११ तारखेपर्यंत आणि कराचं विवरणपत्र २० तारखेपर्यंत. उशीर झाला की दिवसागणिक विलंब शुल्क लागतं, आणि चूक आईच्या संगणकाची असली तरी ते शुल्क दुकानदाराला भरावं लागतं. असं दोनदा झालं तर तो हिशेब दुसऱ्याकडे नेणार. दुकानात नवा संगणक ३८ हजारांचा सांगितला होता. जूनमध्ये ताईच्या कॉलेजची फी भरायची होती, तिच्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतूनच हे ३८ हजार जाणार होते.

मी म्हटलं, "थांब आई, मी बघतो." शाळेत आम्हाला संगणक विषय आहे, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असं वाटत होतं. पण पुढे जे झालं त्यावरून कळलं की येण्यापेक्षा क्रम महत्त्वाचा असतो. तो क्रम कॅडेट मित्रांना आणि पालकांना उपयोगी पडेल म्हणून हा लेख.

माझी चूक

मी दोन-तीन व्हिडिओ पाहिले आणि एका संध्याकाळात तीन गोष्टी केल्या. तात्पुरत्या फाइली पुसल्या. "संगणक वेगवान करा" असं म्हणणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. आणि झोपताना डीफ्रॅगमेंटेशन लावून ठेवलं. हार्ड डिस्कवर एका फाइलचे तुकडे इकडेतिकडे पडलेले असतात, ते उचलून शेजारी शेजारी लावायचं हे काम. ऐकायला चांगलं वाटतं.

सकाळी आईनं टॅली उघडलं, तर पाचपैकी एका दुकानाची कंपनी उघडेना. त्या दिवशी १५ तारीख होती. आई मला काही बोलली नाही. ती फक्त म्हणाली, "मार्चअखेरची प्रत पेन ड्राइव्हवर आहे. एप्रिलचं काही नाही."

मी आमच्या संगणक लॅबच्या उस्तादांना फोन केला. ते सिग्नल्समधून हवालदार म्हणून निवृत्त झाले आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हिंदीत दोनच प्रश्न विचारले. काही करण्याआधी प्रत घेतली होती का? आणि आजार काय आहे ते मोजलं होतं का? दोन्हींचं उत्तर "नाही सर" असं होतं. मग ते म्हणाले, "रायफल अडली तर तू ट्रिगर ओढत राहतोस का? थांबतोस, बघतोस, मग हात लावतोस. इथेही तेच कर."

पहिलं काम: प्रत

संगणक हळू होण्याची कारणं अनेक आहेत. बहुतेक निरुपद्रवी असतात. पण एक कारण धोक्याचं असतं, ते म्हणजे डिस्क मरायला टेकलेली असणं. आपल्याकडे कोणतं कारण आहे हे सुरुवातीला माहीत नसतं, म्हणून वाईटात वाईट धरून चालायचं. आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यायची, मग बाकी सगळं.

प्रत घेतानाही क्रम लावायचा. ज्या फाइली पुन्हा तयार करता येत नाहीत त्या पहिल्या. आम्ही शेजारच्या काकांकडून बाहेरून जोडायची डिस्क आणली. आधी टॅलीचं फोल्डर, मग कागदपत्रं, मग फोटो. सगळ्याला नऊ तास लागले. सिनेमे आणि गाणी घेतलीच नाहीत.

दुसरं काम: मोजणं

"हळू झालाय" ही तक्रार झाली, ते कारण नव्हे. आपल्या धावण्याची वेळ उस्ताद अंदाजानं लिहीत नाहीत, घड्याळ लावतात. मीही घड्याळ लावलं. बटण दाबल्यापासून टॅली वापरता येईपर्यंत १४ मिनिटं २० सेकंद. हा आकडा वहीत लिहिला. तो नसता तर पुढे केलेल्या उपायानं फरक पडला की नाही, हे कळलंच नसतं.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली. विंडोजमध्ये त्यानं टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने असतात. संगणक अडला असताना यांतला कोणता रकाना १०० टक्क्यांजवळ गेलाय ते पाहायचं. मूळ कुठे आहे ते बहुतेक वेळा इथेच कळतं.

हे रकाने समजायला आपल्या वसतिगृहाचंच उदाहरण घेऊ. प्रेपच्या वेळी तुम्ही स्वतः म्हणजे सीपीयू, काम करणारा. अभ्यासाचं टेबल म्हणजे मेमरी, ज्याला आपण रॅम म्हणतो. पलंगाखालची काळी ट्रंक म्हणजे डिस्क. टेबलावरचं पुस्तक लगेच हाती येतं. ट्रंकेतलं काढायला उठावं लागतं, वाकावं लागतं, कुलूप उघडावं लागतं.

सीपीयू १०० टक्के असेल, तर कोणता प्रोग्रॅम त्याला राबवतोय ते त्याच यादीत वर दिसतं. कधी ते चालू असलेलं अपडेट असतं, कधी अँटिव्हायरसची तपासणी. एकाच वेळी दोन अँटिव्हायरस टाकलेले असतील तर दोघंही प्रत्येक फाइल तपासत बसतात, त्यातला एक काढावा. ओळखीचं नसलेलं काही सतत सीपीयू खात असेल तर व्हायरसची शंका घ्यावी आणि पूर्ण तपासणी लावावी.

मेमरी भरली असेल, तर टेबल लहान पडतंय. टेबलावर जागा उरली नाही की विंडोज काही सामान उचलून डिस्कवर ठेवतं आणि लागलं की परत आणतं. म्हणजे प्रत्येक पानासाठी ट्रंकेपर्यंत फेरी. आमच्या संगणकाची रॅम ४ जीबी आहे आणि ब्राउझरमध्ये २२ टॅब उघडे होते. ते आईचे नव्हते, ताईचे होते!

डिस्क १०० टक्के असेल, तर अडचण ट्रंकेत आहे. आमच्याकडे हाच रकाना लाल होता.

डिस्क इतकी हळू का?

आमची डिस्क जुन्या पद्धतीची, फिरणारी होती. तिच्यात चकत्या असतात आणि त्या मिनिटाला ७,२०० वेळा फिरतात. म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या, एका फेरीला साधारण ८ मिलिसेकंद. हवी ती जागा फिरत वाचकापाशी येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी जाते, म्हणजे ४ मिलिसेकंद. शिवाय वाचणारा हात योग्य वर्तुळावर सरकायला आणखी काही मिलिसेकंद लागतात. त्यामुळे विखुरलेल्या जागा वाचायच्या असतील तर अशी डिस्क सेकंदाला शंभरच्या आसपासच फेऱ्या मारू शकते. संगणक सुरू होताना हजारो छोट्या फाइली वाचाव्या लागतात. एसएसडीमध्ये मात्र फिरणारं काहीच नसतं, माहिती चिपमध्ये असते. तिला अशा एका वाचनासाठी मिलिसेकंदाचा छोटासा अंश पुरतो.

पण फिरणारी डिस्क निरोगी असली तरी १४ मिनिटं लावत नाही. टास्क मॅनेजरच्या दुसऱ्या टॅबमध्ये डिस्कचा सरासरी प्रतिसाद वेळ दिसतो. तो १०-२० मिलिसेकंद असायला हवा. आमचा २,००० च्या वर जात होता, आणि तेव्हा माहिती मात्र चिमूटभरच वाचली जात होती. उस्ताद म्हणाले होते की काम १०० टक्के आणि माल थोडा, असं दिसलं की डिस्कची प्रकृती तपास.

प्रत्येक डिस्क स्वतःच्या चुकांची नोंद ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर ती नोंद वाचून दाखवतं. आमच्या डिस्कवर पिवळा "सावधान" शेरा आला. वाचता न आलेले बरेच सेक्टर तिनं "प्रलंबित" म्हणून नोंदवले होते. असा सेक्टर आला की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, आणि तेवढा वेळ सगळा संगणक ताटकळतो.

आणि अशा आजारी डिस्कला मी रात्रभर डीफ्रॅगमेंटेशनला जुंपलं होतं. म्हणजे पाय मुरगळलेल्या माणसाला क्रॉस कंट्री धावायला लावण्यासारखं. ती कंपनी माझ्यामुळेच बिघडली की आधीच बिघडली होती, हे आता सिद्ध करता येणार नाही. पण प्रत आधी घेतली असती तर हा प्रश्नच आला नसता.

उपाय

२४० जीबीची एसएसडी २,४०० रुपयांना मिळाली. संगणक बंद करून वायर सॉकेटमधून काढली. अंगातली स्थिर वीज जावी म्हणून आधी डब्याच्या धातूला हात लावला. जुन्या डिस्कला दोन वायरी होत्या, एक माहितीची आणि एक विजेची. त्या काढून नव्या डिस्कला लावल्या. विंडोज नव्यानं टाकायला किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह लागतो. तो मित्राच्या लॅपटॉपवर तयार करून घेतला. मग टॅली टाकलं आणि घेतलेल्या प्रतीतून हिशेब परत आणले.

चार दुकानांचे हिशेब नीट आले. पाचव्याचे मार्चपर्यंतचे आले. एप्रिलचा महिना आई आणि मी दोन दिवस बसून पुन्हा भरला. ती बिल वाचायची, मी टाइप करायचो. बिलांचा गठ्ठा २१४ चा होता, तारखा गुजरातीत लिहिलेल्या. १९ तारखेला रात्री साडेनऊला विवरणपत्र गेलं. फोटोंपैकी अकरा उघडत नाहीत. त्यांत आजोबांच्या पंचाहत्तरीचे तीन आहेत.

आता बटण दाबल्यापासून टॅलीपर्यंत १ मिनिट ५ सेकंद लागतात. ताईची फी वेळेवर भरली.

हे खरं, पण सगळं सुटलं असं नाही. विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि आमचा २०१७ चा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. त्यामुळे नवा संगणक कधी ना कधी घ्यावा लागेलच. फक्त तो आता आईच्या सवडीनं घेता येईल, १५ तारखेला घाबरून नाही.

सुट्टीत घरी गेल्यावर

घरचा संगणक हळू असेल तर या क्रमानं जा:

१. महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. ती उघडून पाहा. न उघडणारी प्रत ही प्रत नव्हे.

२. सुरू व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून लिहा.

३. "शट डाउन" नको, "रीस्टार्ट" करा. विंडोज ८ पासून बंद करताना गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवायची सोय आहे. ती चालू असेल तर रोज बंद केलेला संगणकही पुरता नव्यानं सुरू होत नाही. आई रोज रात्री बंद करायची, तरी आमच्या टास्क मॅनेजरमध्ये "२३ दिवस चालू" दिसत होतं.

४. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू, मेमरी, डिस्क यांपैकी काय भरलंय ते पाहा.

५. "स्टार्टअप" टॅबमध्ये संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम दिसतात. नको असलेले बंद करा. अँटिव्हायरस मात्र राहू द्या.

६. डिस्कची प्रकृती तपासा. पिवळा किंवा लाल शेरा असेल तर आणखी काही करू नका, डिस्क बदला.

७. पंख्यावर धूळ साचली असेल तर संगणक बंद करून साफ करा. फार तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो.

८. एका वेळी एकच बदल करा आणि पुन्हा वेळ मोजा. मी तीन एकदम केले होते, म्हणून कशानं काय झालं ते कळलं नाही.

९. वेग वाढवून देतो म्हणणारं सॉफ्टवेअर टाकू नका. आमच्याकडे त्यानं फक्त स्टार्टअपच्या यादीत आणखी एक नाव वाढवलं.

आणि यातलं पहिलं काम संगणक हळू नसला तरी करा. आमच्या घरी आता दर महिन्याच्या २१ तारखेला प्रत घेतली जाते. आई कॅलेंडरवर खूण करते, आणि रविवारच्या फोनवर मी आधी तेच विचारतो.